काठाची उंची

पाचवी बोट बघायला नवरा-बायको दलालाबरोबर गेले तेव्हा खलाशाच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. सकाळपासून तीन धक्के पालथे घातले होते. एका बोटीची फळी आतून भुसभुशीत निघाली, एकीचं मशीन चालूच होईना, तिसरी दोन भावांच्या भांडणात अडकलेली आणि चौथी नुसतीच रंगवलेली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर जाळी ओढून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. आता लांब जायचं नाही, किनाऱ्याच्या आसपासच मासे धरायचे, पण स्वतःच्या बोटीत, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. बोटीवर दुसरा माणूस म्हणजे बायकोच.

"मामा, ही बघा," दलाल म्हणाला. "हिच्यापुढे बाकीच्या पाणी भरतील."

बोट खरंच देखणी होती. फायबरची, अठरा फुटी, नाक वर, काठ उंच. मशीन बसतं त्या मागच्या फळीवर खलाशाने बोटाच्या पेरांनी टकटक केलं. आवाज खणखणीत आला. त्याने बोल्ट चाचपले, तळाशी हात फिरवला. वारा फिरला की समुद्रात लाट आडवी येते, तेव्हा असा काठ पाहिजे. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैलावला.

"हीच," तो म्हणाला.

बायको एका पालथ्या क्रेटवर चपला काढून बसली होती. आता ती उठली, बोटीत चढली आणि काठावरून वाकून खाली पाण्याकडे बघत राहिली.

"अहो, तुम्ही पाण्यात उतरा."

"काय?"

"उतरा. पट्टा राहू द्या कमरेला. मी तुम्हाला वर घेते."

दलाल हसला. "मामी, बोट मासे काढायला घेतात."

"माणूस काढायची वेळ आली तर?"

"शिडी लावून देतो की मागे!"

"शिडी चढायला माणूस शुद्धीवर लागतो."

हिच्यापुढे बोलून उपयोग नसतो, हे खलाशाला ठाऊक होतं. शर्ट आणि फोन क्रेटवर ठेवून तो उतरला. छातीइतकं पाणी, वर डिझेलची साय.

"पाय मारायचे नाहीत. मेल्यासारखं पडायचं."

"अगं, जरा शुभ बोल."

तिने त्याच्या काखांत हात घातले आणि ओढलं. बोट कलली. तो छातीपर्यंत वर आला, बरगड्या काठाला खरवडल्या आणि परत खाली घसरला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याची हनुवटी काठावर आपटली. ती मांड्यांवर हात टेकून धापा टाकत उभी राहिली. दलाल आता हसत नव्हता.

"दुसरी आहे का?" तिने विचारलं.

"आहे एक. पण मामांना आवडायची नाही."

ती पलीकडेच बांधलेली होती. फरशी पुसायच्या फडक्याच्या रंगाची, रुंद, बसकी. काठ म्हणावा तर पाण्याच्या वर जेमतेम हातभर. खलाशाने पाण्यातूनच मान हलवली.

"हिच्यात लाट आत येईल. दिवसभर उपसत बसावं लागेल."

"उपसू."

ती बोटीत गेली. पाय काठाला रोवले, दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला, एकदा त्याला खाली दाबलं आणि पाण्याने वर फेकल्याबरोबर सगळा भार मागे टाकला. तो पोत्यासारखा आत येऊन पडला. गाल तळाशी टेकला. उन्हाने तळ कोमट झाला होता. आता उठूच नये, असं त्याला वाटलं.

"आलात," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तो उठला. मागची फळी वाजवली. चांगली होती. दुसऱ्याच झटक्याला मशीनही लागलं. ते बंद करून तो वळला, तर बायको बाह्या सारून काठावरून पाय बाहेर टाकत होती.

"आता मला घ्या."

"तुझं काय नवीनच?"

ती पाण्यात गेलीसुद्धा. त्याने तिची मनगटं धरली आणि ओढलं. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग डावा हात. ती कशीबशी अर्धी वर आली आणि हातातून सुटली. दलाल पुढे सरसावला.

"थांबा," ती म्हणाली. "तिथे तुम्ही नसणार."

तिसऱ्या खेपेला तेवढीही वर आली नाही. खलाशाने गुडघे टेकले. कपाळ काठावर ठेवलं. एका हातात तिचं मनगट तसंच होतं.

"ही नको," तो म्हणाला. "उद्या बघू. आणखी एखादी असेल."

"याच्याहून खाली काठ असला तर तिला परात म्हणतात. हीच घ्यायची."

"अगं, पण तू पडलीस तर?"

"मी नाही पडायची."

तिने मान वळवून दलालाला कागद आणायला सांगितलं. तो लगबगीने पत्र्याच्या खोलीकडे गेला. धक्क्यावर दुसरं कोणी नव्हतं. पाणी बोटीला हळूहळू थापट्या मारत होतं.

"सोडा आता," ती म्हणाली. "पाय टेकलेत माझे."

"हो," तो म्हणाला. पण मनगट सोडलं नाही.