पाठ टेकवून घेतलेलं माप

"तुम्ही माणसाचा खांदा मोजत नाही, कंपनीची सोय मोजता." गंगापूर रोडवरच्या क्लिनिकमधून फिजिओथेरपिस्ट तेजस्विनी फोनवर कारखान्याच्या मेडिकल कमिटीतल्या कुणावर तरी तुटून पडली होती. पलीकडून फोन कट झाला.

समोर मल्हारीचा फिटनेसचा कागद. अंबडच्या कारखान्यात प्रेस मशीनवर त्याचा उजवा खांदा निखळला होता. कमिटीनं लिहिलं होतं, हात एकशे सत्तर अंश वर जातो, कामाला फिट. तेजस्विनीच्या हाताखाली तो एकशे तिसावरच अडत होता.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," मल्हारी म्हणाला. "आपलं शेकून, व्यायाम देऊन मोकळं करा."

"घाबरू नका हो. एकटीच्या मापाला ते नाक मुरडतील. मी आणि माझी सहकारी, दोघी मोजू."

तिनं त्याला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, पाठ गादीला टेकली का ते हात घालून पाहिलं. गोनिओमीटरची पट्टी दंडाला लावून कोन मोजला. मग ती बाहेर गेली आणि तिचा आकडा न बघता सहकारी पल्लवीनं मोजला. फरक दोन अंशांचा. एवढा चालतो.

"आणखी थोडा वर नाय का जाणार?" मल्हारी घाम पुसत म्हणाला.

"आम्ही काय दूधवाले आहोत, पाणी घालायला?" पल्लवी म्हणाली. "आहे तेच लिहिणार."

तेजस्विनीला त्या घामात कमिटीची धास्ती दिसली. तिचं डोकं आणखीच फिरलं. तिला बसवेना, जेवण जाईना. त्याच दुपारी तिनं दोघींच्या सह्यांनिशी मापं कमिटीला धाडली.

आठवड्यानं मल्हारी दारात उभा. चपलाही काढल्या नाहीत.

"कमिटीनं कागद बदलला. अनफिट."

"बदलावाच लागला ना," तेजस्विनी हसली. "बसा."

तो बसला नाही. "पर्मनंट करायच्या यादीतून नाव गेलं. गेटवर कार्ड काढून घेतलं. इतकी वर्सं टेम्पररी घासली मी."

"पण त्यांनी खोटं माप..."

"त्यांनी काय खोटं केलं नाय. उभं करून मोजत होते, तवा दात खाऊन मीच कमरेतनं मागं वाकलो. हात गेला वर. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. तुमच्याकडं मी खांदा बरा करायला आलो होतो, मॅडम. मोजून धाडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? बोला."