तीन फेरे

बोल्ट तीन फेरे फिरला आणि घट्ट झाला. मोत्लात्सीला बरं वाटलं. इतक्या लवकर घट्ट होतो, म्हणजे चांगलाच बसला असणार.

चाळीस वर्षं त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या रस्त्यांवर बस चालवली होती, पण चाक बदलायला डेपोत दुसरी माणसं असत. आज पहिल्यांदाच तो हातात पाना घेऊन गाडीपाशी गुडघे टेकून बसला होता. गाडी त्याच्या मुलाची, तुमिसांगची. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्यामध्ये मोत्लात्सीने आता एक जाड चकती घातली होती. स्पेसर म्हणतात तिला. तिच्यामुळे चाक बाहेर येतं, आणि गाडी छाती काढून उभ्या राहिलेल्या पोरासारखी दिसते.

"असली थेरं माझ्या अंगणात चालणार नाहीत," असं त्याने मुलाला बजावलं होतं. रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी आणखी एक उपाय केला, तो बायकोलाही ठाऊक नव्हता. तरी पोराने मागच्या दोन्ही चाकांना चकत्या बसवल्याच. गेल्या रविवारी मैदानात गाडी गरगर फिरवताना तो उघड्या दारातून बाहेर झुकला. लोक शिट्ट्या मारत होते. तेवढ्यात मागचं डावं चाक निखळलं.

गाडी वाचली. मित्रांनी मोडतोड नीट करून, चकत्या काढून ती दारात आणून लावली. आठवडाभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मोत्लात्सी एकच वाक्य ऐकवत होता, "मी त्याला सांगितलं होतं." त्या वाक्याला धरूनच तो उभा होता.

उद्या सकाळी शवपेटी दाराबाहेर निघेल, तेव्हा तिच्यासमोर तुमिसांगची गाडी गरगर फिरणार होती. गाड्या फिरवणाऱ्यांना इथे असाच निरोप देतात. फिरवणार होती बोइपेलो, मैदानातली त्याची जोडीदार. आणि गाडी त्याला हवी होती तशी, रुंद असायला हवी. बापाला आता एवढंच देता येत होतं.

अंगणात तंबू लागला होता. आत दिसेबो, तुमिसांगची आई, रिकाम्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर बसून होती. रीतीप्रमाणे खोलीतलं सामान बाहेर काढलेलं. कपाट गाडीजवळच भिंतीला टेकवलेलं, आरशावर चादर टाकून.

भोपळा चिरणारी शेजारीण तंबूतून ओरडली, "अरे मोत्लात्सी, त्या अवदसेला काडी लाव की! दागिने कसले घालतोस तिला?"

"त्याला हवे होते," एवढंच तो म्हणाला.

बोइपेलो फाटकातून आली. पाठीवर चादरीत बांधलेली सात महिन्यांची लेक झोपली होती. तिचं एक पाऊल बाहेर लोंबत होतं, पायमोजा कुठेतरी पडलेला. बोइपेलोचे डोळे सुजले होते, तरी तिने बळेच थट्टा केली. "सरका काका. बस ड्रायव्हरने हॉर्न वाजवावा, पाना नाही."

"बघ तरी. पक्कं बसवलंय."

"एक काढून दाखवा. मोजत काढा."

त्याने बोल्ट सैल केला आणि बोटांनी फिरवला. एक. दोन. तीन. बोल्ट हातात आला.

तिने तो बोल्ट घेतला, चकतीच्या कडेला लावून पाहिला.

"काका, हे जुने बोल्ट. निम्मे या चकतीतच संपतात. आत धरायला आटे उरतात कुठे? निदान सात फेरे लागतात. चकत्यांबरोबर लांब बोल्ट येतात, छोट्या पिशवीत. ते कुठेत?"

मोत्लात्सीने विचारलं, "याच बोल्टांवर फिरवली तर?"

"दुसऱ्या गिरकीला चाक जाईल."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने हात मागे नेऊन लेकीचं उघडं पाऊल मुठीत धरलं.

"मी त्याला सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "लांबच लाव म्हणून. म्हणाला, पिशवी घरातच कुठेतरी पडलीय, सापडेल."

मोत्लात्सीला अपघाताच्या आदल्या दिवशीचा शनिवार आठवला. पोराने पलंगाखाली, चुलीमागे, सगळीकडे शोधलं होतं. "बाबा, एक छोटी पिशवी पाहिलीत का?" पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला होता, "तुझ्या वस्तू तू सांभाळ." संध्याकाळी अंगणातून खुशीतला आवाज आला होता, "बसली बघा! एकदम घट्ट!"

तो उठला. गुडघ्यांची माती झटकायचंही त्याला सुचलं नाही. भिंतीजवळच्या कपाटाचा खालचा खण त्याने ओढला. आत चर्चला जायचे त्याचे बूट होते. उजव्या बुटात हात घालून त्याने एक पिशवी बाहेर काढली आणि बोइपेलोच्या तळहातावर ठेवली.

आठ बोल्ट होते. लांब, चकचकीत. पिशवी फोडलेलीही नव्हती.

"हेच!" बोइपेलो म्हणाली. "किती शोधत होता तो. कुठे सापडली, काका?"

तंबूतल्या बायकांचे हात थांबले होते. मोत्लात्सीने आठवडाभर सांगितलेलं वाक्य उच्चारायला तोंड उघडलं. ते आलं नाही.

"सापडली नाही, पोरी," तो म्हणाला. "मीच ठेवली होती."