झोक्याचं गणित

द्रोणागिरीच्या एका यार्डात एकवीस वर्षं क्रेन चालवणाऱ्या धर्मराजला लेखी परीक्षेत शून्य मिळालं. प्रश्न एकच होता: वाऱ्यात झुलणारा कंटेनर नेमक्या जागी टेकवायचा, तर कुठल्या क्षणी खाली सोडाल? गणित करून दाखवा.

"हाताला म्हाईत हाय साहेब, कागदावर नाय उतरत," धर्मराज म्हणाला.

"मग आजची शिफ्ट संपवा आणि उद्यापासून क्रेनवर चढू नका," असं सांगून नवे ट्रेनिंग ऑफिसर ऋषीसाहेब यार्डातच उभ्या असलेल्या आपल्या गाडीत बसून, रील बघत डबा खाऊ लागले.

डबा संपल्यावर त्यांनी दार ढकललं, तर उघडेना. गाडीच्या चारी बाजूंना चार कंटेनर, प्रत्येक चार बोटांवर. रंगावर ओरखडासुद्धा नाही.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.



"साहेब, उत्तर खाली ठेवलाय. तपासून घ्या."