दिवेलागणीची हाक

राघोशेठ जाऊन दोन महिने झाले आणि त्यांच्या बंद खोलीतून हाक यायला लागली, "तुळसा, गोळी घेतलीस का गो?"

कधी भर दुपारी, कधी तुळसा मासळी साफ करत असताना. नवरा गेल्यापासून तिनं प्रेशरच्या गोळीला हात लावला नव्हता, आणि तो रागावूनच परत आलाय याबद्दल तिला शंका उरली नव्हती. तिनं उंबऱ्यावर नारळ फोडला, दाराशी बोंबलाचं कालवण वाढून ठेवलं. हाक काही थांबेना.

शेवटी मुलगा कमलेश जीव मुठीत धरून आत शिरला. चाळीत लावलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी गेल्याच आठवड्यात त्यानं बापाचा जुना कॉम्प्युटर पुन्हा चालू केला होता. आतला सेल संपल्यानं वीज गेली की त्याचं घड्याळ भरकटत होतं, आणि तुळसाच्या गोळीसाठी राघोशेठनी स्वतःच्या आवाजात लावून ठेवलेला अलार्म भलत्याच वेळी वाजत होता.

"आये, घाबरू नको. काढूनच टाकतो हा आवाज."

तुळसा आत आली आणि पदरानं कॉम्प्युटरवरची धूळ पुसली.



"आवाज राहू दे रं. घड्याळ तेवढं बरोबर लाव. दिवेलागणीला हाक मारायचे ते."