नळीतली हवा

"दार लाव, बाई! थंडी आत येतेय!" ऑर्विल आतून खेकसला.

मार्लिसने दार लावलं नाही. तिने ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, पायरीवर पाय ठेवला तोच कुजक्या अंड्यांसारखा वास भसकन नाकात शिरला आणि तिला ठसकाच लागला. आत गॅस कोंडला होता. आणि तिचा सासरा शेगडीसमोर निवांत बसला होता, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

"ओढू नका!" ती किंचाळली.

"नळीतली हवा गेल्याशिवाय गॅस येत नसतो, राणीसरकार. आता तू मला शेगडी पेटवायला शिकव—"

तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला फरफटत बाहेर आणलं. तो दहिवराने पांढऱ्या झालेल्या गवतावर आपटला आणि तिथूनच शिव्या घालू लागला. तिने धावत जाऊन ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या दोन्ही सिलिंडरच्या तोट्या बंद केल्या. मग श्वास रोखून आत गेली आणि एकेक खिडकी उघडून आली.

गेली दोन वर्षं त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. बायको गेल्यावर ऑर्विल मुलाकडे राहायला आला, आल्या आल्या मोठ्या तापाने आडवा झाला, आणि उठला तो मार्लिसच्या स्वयंपाकावर दात धरूनच. तिचं भाजलेलं मांस म्हणजे पुठ्ठा. तिचं सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. पाहुण्यांसमोर, भरल्या टेबलावर, तो पानात तिखटाची बाटली उपडी करायचा आणि म्हणायचा, "आता निदान काहीतरी खाल्ल्यासारखं वाटेल." आधी ती न्हाणीघरात जाऊन रडायची. मग तीही तोंडास तोंड द्यायला शिकली. तिचा नवरा डीन त्या वेळी हटकून गाडीचं तेल बघायला बाहेर जायचा.

पण आज म्हातारा जाणार होता. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या नॉर्थ डकोटातल्या हिवाळ्याला कंटाळलेली सगळी म्हातारी मंडळी ट्रेलर ओढत ॲरिझोनाच्या उबदार वाळवंटात जातात, तसा तोही दुपारी निघणार होता, वसंतापर्यंत. मार्लिस उन्हाळाभर या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. शेगडी पेटत नव्हती, तेवढंच अडलं होतं. म्हणून काल त्याने तिची नळी काढली, फुंकली आणि परत जोडली. आज सकाळी गॅस सोडताच जमिनीलगतची, गॅस गळला की वाजणारी धोक्याची घंटा बोंबलायला लागली होती. मार्लिसने ती स्वयंपाकघरातून ऐकली होती आणि ती एकाएकी बंद झालेलीही ऐकली होती. आत्ता ती घंटा तिला पायरीवर पडलेली दिसली. तिच्या दोन्ही तारा कापलेल्या होत्या.

"ही का तोडली?"

"बिघडली होती. उगाच कोकलत होती, तुझ्यासारखी." ऑर्विल खांदा चोळत उठला. "नाकाने कांदे सोलणारी तू. तुला कुठेही वासच येतो."

"अहो, डोळ्यांत पाणी येईल इतका वास आहे!"

"कसला वास?" तो म्हणाला.

त्याने उघड्या दाराकडे पाहिलं. दोनदा जोरात श्वास ओढून पाहिला. मग हातातल्या काडीकडे पाहिलं, आणि ती हळूच गवतात टाकली. मार्लिसने त्याला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कधीपासून वास येत नाही?" तिने विचारलं.

"त्या तापापासून. कॉफीसुद्धा नुसती गरम लागते."

"आणि दोन वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत बसलात! सांगितलं का नाही?"

"तुला? त्यापेक्षा जीभ उपटून दिली असती." त्याने काडेपेटी खिशात कोंबली. "हे बघ. डीनला कळलं तर तो मला जाऊ देणार नाही. त्याला काही सांगू नकोस. नळीचा जोड मी घट्ट करतो. मी जातो, तू सुटतेस. तुला तरी दुसरं काय हवंय?"

तिला खरंच दुसरं काही नको होतं. तोंड बंद ठेवलं की झालं. दुपारपर्यंत हा ट्रेलर वळणापलीकडे गेला असता आणि रात्री ती आपल्याच टेबलावर शांतपणे जेवली असती. मग कधीतरी वाळवंटात, थंडीच्या पहाटे, दार घट्ट लावून हा माणूस कॉफीसाठी काडी ओढणार होता. जोड काय, तिकडच्या खडबडीत रस्त्यांवर पुन्हा सैल झालाच असता. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ती विचार करत उभी होती.

डीनची गाडी अंगणात शिरली. "काय पप्पा, झाली तयारी?" त्याने खिडकीतूनच विचारलं.

ऑर्विलने मार्लिसकडे पाहिलं. विनवणी करणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने डोळे वटारले.

"तुझ्या वडिलांना वास येत नाही, डीन," मार्लिस म्हणाली. "दोन वर्षं झाली. आत्ता कोंडलेल्या गॅसमध्ये काडी ओढत होते. ते कुठेही जाणार नाहीत."

डीनचा चेहरा पांढराफटक पडला. तो उतरला, ट्रेलरपाशी गेला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली.

"जिंकलीस!" ऑर्विल तिच्या अंगावर धावून आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शेवटी जिंकलीस ना, सटवे!"

"जिंकले?" मार्लिसचाही बांध फुटला. "अहो, आता मरेपर्यंत तुम्ही माझ्याच टेबलावर जेवणार आहात! ह्याला जिंकणं म्हणतात?"