बारावी डबी

बारा नंबरची डबी कोंबडी निघाली.

शीतलनं अहवाल दोनदा वाचला. मग डबीवरचं लेबल वाचलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, तणमोर. माळावरच्या गवतात राहणारं पाखरू. हल्ली कुठं दिसलंच तर पेपरात बातमी येते. आणि यंत्र म्हणत होतं, हे पीस गावरान कोंबडीचं आहे. यंत्राला कुणाची भीडभाड नसते. पिसाच्या देठातून डीएनएचा एक छोटा तुकडा वाचायचा, दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखा तो यादीशी ताडून पाहायचा आणि नाव सांगून मोकळं व्हायचं.

राजानंद सर कधी ओरडत नसत. फार झालं तर चष्मा काढून टेबलावर ठेवत. जिल्ह्यातल्या पाखरांच्या नोंदीचं सगळं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"बाकीच्या अकरा डब्या नावाबरहुकूम जुळल्यात, सर," शीतल म्हणाली.

"जुळल्यात. पण ती पिसं त्याच माळावरची कशावरून? तणमोर म्हणून कोंबडी देणारी बाई बाकीची कुठूनही आणून देईल. त्यांचे बाराही नमुने बाद करा. उद्या यादी पुढं जाणार आहे."

शीतलनं एका दिवसाची मुदत मागितली, डबी पर्समध्ये टाकली आणि अंबडची एसटी पकडली.

वडीगोद्रीच्या द्वारकाबाईंना तिनंच शोधून काढलं होतं. चाळीस वर्षं माळावर शेरडं राखलेली बाई. पाखराचा नुसता आवाज आला तरी नाव सांगणार. सरांपुढं शीतलनं त्यांची तोंड भरून तारीफ केली होती. परवानगी फक्त गळालेली पिसं उचलायची होती, पाखराला हात लावायचा नाही. दोन वर्षं द्वारकाबाईंनी गवतात वाकून वाकून एकेक पीस वेचलं. त्यातल्या दोन पाखरांची तर जिल्ह्यात पहिलीच नोंद होणार होती. संग्राहक म्हणून त्यांचं नाव छापून येणार होतं. आता एका कोंबडीपायी सगळं पाण्यात. शीतलला राग आला होता आणि रागाहून जास्त वाईट वाटत होतं. फसवायला या बाईला आपणच सापडलो?

द्वारकाबाई अंगणात वाटी विसळत होत्या. शेजारच्या सत्यशीलानं सकाळी त्या वाटीतून लोणचं दिलं होतं. वाटी पदरानं पुसून त्यांनी तिच्यात गुळाचा खडा टाकला, भिंतीवरून शेजारी दिली आणि मग शीतलकडं वळल्या.

"ये माय. चहा ठिवते."

"चहा नको, मावशी." शीतलनं डबी त्यांच्यासमोर ठेवली. "ही ओळखता का?"

"तणमोराची. तूच लिव्हलं त्याच्यावर."

"आत कोंबडीचं पीस निघालं."

शीतलला वाटलं होतं, बाई गडबडतील, शपथा घेतील. द्वारकाबाईंनी नुसती मान हलवली.

"मंग? कोंबडीचंच हाये. आपल्या तांबडीचं. त्यातल्या त्यात देखणं बघून टाकलं."

"पण का, मावशी?"

"तणमोर कुठून आणू? पंधरा वर्सं झाले, दिसला न्हाई. आधी आखाड लागला की गवतातून उंच उड्या मारायचा. शेरडं चरायची सोडून बघत राह्यची."

"मग त्याचं नाव का सांगितलं?"

"तू इचारलं, माळावर कोणकोणते पाखरं. जे हायेत ते सांगितले, जे व्हते ते बी सांगितले. तू बारा नावं लिव्हले, बारा डब्या दिल्या. अकरा भरल्या. बारावी तशीच कशी दिऊ? लोकाचं भांडं रिकामं देत असतेत का?"

शेजारी गेलेली वाटी तिनं आत्ताच डोळ्यांनी पाहिली होती. एसटीत बसून या बाईबद्दल काय काय मनात आणलं, ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला आणि जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं. पलीकडं सरांचा चष्मा टेबलावर असेल की डोळ्यांवर, तिला कळेना.

"अकरा ठेवू आपण," सर शेवटी म्हणाले. "आणि बारावीही आणा. नावाचं लेबल असू द्या. आत काही नको."

शीतलनं फोन ठेवला. "मावशी, तुमच्या अकरा डब्या राहिल्या. बारावी तेवढी मोकळी करून हवी."

"मोकळी?" द्वारकाबाईंना पटेना. "मोकळी नेऊन काय करती?"

"आत कोंबडी ठेवली तर तणमोराची जागा भरल्यासारखी दिसते. ही मोकळी गेली तर पुढच्या माणसाला कळेल की हा इथं होता आणि आता नाही."

द्वारकाबाई डबीकडं बघत राहिल्या. "म्हंजे बिलकुलच गेला म्हणायचा," त्या हळूच म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांनी हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

त्यांनी झाकण उघडलं. तांबडीचं पीस काढून अंगणात सोडलं. डबी पदरानं आतून-बाहेरून पुसली. सवयीनं त्यांचा हात गुळाच्या डब्याकडं गेला, आणि तिथंच थांबला.

मग त्यांनी झाकण लावलं आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं भांडं रिकामं परत दिलं.