मागच्या सीटचं माप

"ह्या वयात मापं देऊन सायकल करायची?" हे दुकानाच्या दारातच कुरकुरले.

माझी उंची चार फूट आठ. तयार सायकलवर माझे पाय पायडलपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तर हाताने फ्रेम बनवणाऱ्या पेरेरांकडे आले होते. त्यांनी माझ्या हाताला टेप लावली आणि ह्यांचा चेहरा उतरला. ह्यांना सायकल येत नाही. रोज सकाळी मी एकटीच भुर्रकन निघून जाणार, हे ह्यांच्या लक्षात आलं असावं. माझाच विचार डळमळला. "राहू दे," मी म्हणणार होते.

तेवढ्यात हे चपला काढून भिंतीला टेकून ताठ उभे राहिले.

"पेरेरा, दोन सीटची बनवा. माझंही माप घ्या, मागच्या सीटचं."

चाळीस वर्षं स्कूटरवर मी ह्यांच्या मागे बसले. "पुढचं हँडल माझ्या मापाचं हं," मी पेरेरांना बजावलं.